झाकणावरची चकली

चहा घ्या, आणि हसायचं तेवढं आधीच हसून घ्या. कारण हा किस्सा सुरू होतो माझ्या अकलेपासून, आणि जिथे संपतो तिथे मला स्वतःलाच अजून धड हसता येत नाही.

मी छाया. जर्मनीत, झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. नवरा, मंदार, तिथून दोनशेवर किलोमीटर लांब, उंटरश्लाइसहाइमला सॉफ्टवेअरमध्ये. म्हणजे आमचा संसार शुक्रवार रात्र ते रविवार संध्याकाळ, तोही ट्रेन वेळेवर आली तर! बाकी आठवडाभर मी आणि भिंती.

श्रावणात आई गेली. मी पुण्याला पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. परत आले, फ्रीझर उघडला, तर आत आईच्या चकलीच्या भाजणीची पिशवी. धान्यं स्वतः भाजलेली, गिरणीवाल्याच्या डोक्यावर उभं राहून दळून आणलेली, मेमध्ये माझ्या बॅगेत कोंबलेली. ती पिशवी संपली की संपलं. आता तशी भाजणी कोण देणार?

त्या वर्षी दिवाळीचं काही करायचं नाही असं ठरवलं होतं. पण एक घाणा तरी, म्हणून तेल तापवलं, आणि छताला लावलेला राउखमेल्डर, म्हणजे धुराचा भोंगा, असा बोंबलला की अख्खी बिल्डिंग जिन्यात! सगळ्यात पुढे कोण? वरच्या मजल्यावरच्या एमीची आई. नोरिको-सान. नुकत्याच जपानहून लेकीकडे राहायला आलेल्या, आणि जपानी सोडून दुसरा शब्द येत नाही. मी वाकले, आजी वाकल्या, मी पुन्हा वाकले. हे किती वेळ चालणार? शेवटी त्यांच्या हातात चकल्यांची ताटली ठेवली आणि प्रकरण मिटवलं.

मिटलं कुठलं! थोड्या दिवसांनी आजी दारात. धुतलेली ताटली आणि सोबत एक डबा. आत संत्री. आणि झाकणावर काळ्या शाईने काढलेली चक्क चकली! मधून निघून गोल फिरलेली, शेवट मोकळा सोडलेला. हे असं: の. तुम्हीच सांगा, ही चकली नाही तर काय आहे?

मी लगेच मंदारला फोन लावला.

"अरे, आजींनी चकली मागितलीय!"

"बोलल्या?"

"बोलतील कशा? चित्र काढून दिलंय."

"छाया, एकदा एमीला विचार ना."

"त्यात विचारायचं काय? म्हातारं माणूस लाजत लाजत मागतंय, आणि मी चौकशा करत बसू?"

आणि डबा रिकामा परत द्यायचा नाही हे तर आईने दुधातून पाजलेलं. केल्या चकल्या, भरला डबा, दिला. आजींनी डबा छातीशी धरला, वाकल्या. पुढच्या आठवड्यात डबा परत. आत उकडलेली रताळी, वर चकली! म्हटलं, आवडलेली दिसतेय. पुन्हा सोऱ्या काढला. मग डब्यातून मऊ मऊ गोड गोळे आले. वर तीच चकली. मीही हट्टाला पेटले!

डिसेंबर असाच गेला. मोडक्या-तोडक्या मी खायचे, अख्ख्या वर जायच्या.

"भाजणी थोडी ठेव गं," मंदार म्हणाला.

"आई असती तर तिने ठेवली असती का?"

शेवटचा घाणा तळला, पिशवी उलटी करून झटकली. कुणाला सांगू नका, त्या रिकाम्या पिशवीत मी नाक खुपसून किती तरी वेळ उभी होते. जिरं, धणे, आई.

नंतर बर्फावरून घसरून आजींचं कंबरेचं हाड मोडलं. तीन मजले जिना, लिफ्ट नाही. एमीने रडत रडत त्यांच्यासाठी फ्लेगेहाइम, म्हणजे म्हाताऱ्यांचं शुश्रूषागृह शोधलं. सामान बांधायला मी वर गेले. एरवी डबा दारातच द्यायचे, आत पहिल्यांदाच. खोलीत पाऊल टाकलं आणि जागीच थिजले.

छत्रीवर चकली. चपलांवर चकली. चष्म्याच्या घरावर चकली. आणि कवळीच्या डबीवर... चकली!

"एमी, हे काय आहे?"

"आल्झो, म्हणजे ते 'नो' अक्षर आहे. नोरिकोमधला नो. शाळेपासून तिला प्रत्येक वस्तूवर नाव घालायची सवय."

"म्हणजे... चकली नाही?"

एमीला कळेना. मी जर्मनमध्ये, हातवारे करून, हवेत सोऱ्या फिरवून सगळं सांगितलं. ती आधी हसली. मग तिने कोपऱ्यातल्या छोट्या देव्हाऱ्यासारख्या कपाटाचं दार उघडलं. आत तिच्या वडिलांचा फोटो, आणि फोटोसमोर पत्र्याचा मोठा डबा. त्यात माझ्या चकल्या. रचून ठेवलेल्या, अख्ख्या.

"आईला चावत नाहीत. पण दिलेलं परत कसं करायचं? म्हणून बाबांना ठेवायची."

"मग मला सांगायचं ना!"

"मी म्हणाले तिला. ती म्हणाली, नको. खालची मुलगी आठवडाभर एकटी असते. डबा थांबला तर ती वर यायची थांबेल."

घ्या! आणि मी समजत होते, मी म्हातारीला सांभाळतेय.

पत्र्याचा डबा एमीने माझ्याच हातात दिला. घरी येऊन एक चकली तोंडात टाकली. खवट झाली होती. तरी खाल्ली. संपली म्हणून जिच्यासाठी रडले, ती आईची भाजणी माझ्याच मूर्खपणामुळे डबाभर शिल्लक होती. मग मात्र खूप रडले.

आता दर रविवारी मंदारला गाडीत बसवून दिलं की मी फ्लेगेहाइममध्ये जाते. तिथे जपानी कुणालाच येत नाही. आजी खिडकीशी बसलेल्या असतात, मला पाहून बसल्या बसल्या वाकतात. मीही वाकते. डब्यातून शिरा नेते. मऊ, लुसलुशीत, तोंडात ठेवला की उतरणारा. मागच्या खेपेला म्हटलं, डबा आता दोघींचा आहे. मार्कर घेतला आणि झाकणावर त्यांच्या अक्षराशेजारी माझं घातलं: छ.

दारातच नर्सने अडवलं. झाकणाकडे बघून ती काळजीत पडली.

"ब्रेत्सेल आणलीत? अहो, त्यांना चावत नाही!"

मी हसू लागले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. ती बिचारी घाबरली. तिला काय सांगणार? माझा 'छ' तिला इथला पीळदार कडक पाव, ब्रेत्सेल वाटला होता; चित्र समजायची चूक तिचीही झाली होती. पण तिने निदान दारातच विचारलं. मी हिवाळाभर तळत बसले होते!