सोनईला दिलेला पलंग

कौसामावशी जुनं कपाट विकत घेण्याआधी त्यात डोकं घालायच्या. दार उघडून, डोळे मिटून आतला वास घ्यायच्या. ओल, उंदीर, किडलेलं लाकूड, सगळं त्यांना नाकाने कळायचं. केडगावला आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हाही त्यांनी तेच केलं. माझा नवरा जाऊन चार महिने झाले होते. सासरे अंथरुणाला खिळलेले, मुलगी सातवीत, आणि घरात विकण्यासारखं माझ्या लग्नातलं एक सागवानी कपाट तेवढं उरलं होतं.

“बामाचा वास येतुया,” डोकं बाहेर काढत त्या म्हणाल्या. “आजारी कोन हुतं?”

“मिस्टर. गेले ते.”

त्यांनी दार हळूच लावलं. “ह्ये मी नेलं तर पुढच्या महिन्यात काय इकशील?”

मी पदराने कपाटाच्या दारावरची धूळ पुसू लागले.

“हाताला काय येतं?”

“काहीच नाही.”

“मग उद्यापासनं शेडवर ये. कपाट ऱ्हाऊ दे.”

मावशी मूळच्या पाथर्डीकडच्या. नवऱ्याबरोबर वीस वर्षं ऊसतोडीला गेल्या. एका हंगामात उसाची ट्रॉली उलटली, तिच्याखाली नवरा सापडला. त्यानंतर त्यांनी कोयता हातात घेतला नाही. नगरला एका सुताराकडे झाडलोट करता करता बघून बघून पॉलिश शिकल्या, आणि पुढे पुणे रस्त्यालगतच्या एका गल्लीत स्वतःची पत्र्याची शेड टाकली. लोकांची टाकाऊ टेबलं, खुर्च्या, पलंग आणायचे, दुरुस्त करायचे, रंगवायचे आणि विकायचे. मूलबाळ नव्हतं. शेडच्याच एका कोपऱ्यात त्यांचा सागवानी पलंग होता, त्यावर त्या झोपायच्या.

पहिले दोन महिने मी नुसती घासत होते. पॉलिश पेपरने बोटांची सालटी निघाली. “किती घासू?” विचारलं की त्या म्हणायच्या, “बोटाला कळंल. मला इचारू नको.” एकदा खाचांत भरलेली लांबीची पुट्टी वाळायच्या आत मी रंग लावला. आठवड्यात टेबलभर भेगा पडल्या. मावशी रागावल्या नाहीत. त्यांनी तो सगळा रंग मलाच खरवडून काढायला लावला. “घाईनं लावल्याला रंग दुसऱ्याच्या घरी जाऊन उकलतो, मग त्यो आपल्याला दिसत बी न्हाई,” एवढंच बोलल्या.

घाई तर मला होतीच. घरी सासऱ्यांची औषधं संपलेली असायची. मुलगी डबा नेत नव्हती. भूक नसते, असं मला सांगायची.

अशात मावशी तीन दिवस गावाला गेल्या. त्यांची चुलत जाऊ वारली होती. जाताना एका पलंगाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ह्यो आतनं भुंग्यानं खाल्लाय. फोडून जळणाला टाक.” त्याच दिवशी सोनईचे एक गृहस्थ आले. मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती, तिच्यासाठी त्यांना लगेच पलंग हवा होता. दाखवायला चांगला एकही नव्हता. “परवा या,” मी म्हणाले. त्या पलंगाची भोकं लांबीने बुजवली, चॉकलेटी रंगाचे दोन हात दिले. ते टेम्पोतून खुशीत घेऊन गेले. घरी त्या दिवशी भात झाला, वरण झालं. मुलीने तीनदा वाढून घेतलं.

मावशी परतल्या. मोकळी जागा बघून म्हणाल्या, “फोडला का?”

“हो.”

“मग लाकडं कुठं हायेत?”

मी हातातला ब्रश खाली ठेवला. मग सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टेम्पो बोलावला आणि स्वतःचा पलंग त्यात चढवला. मी मागे तो धरून बसले.

सोनईला ती दिवस भरत आलेली मुलगी त्याच पलंगावर बसली होती. मावशींनी तिच्या वडिलांना हात जोडले. “ह्यो पलंग किडका हाय, दादा. कवा मोडंल सांगता येनार न्हाई. चूक माजी हाय. दुसरा आनलाय, त्यो ठिवा.”

गृहस्थ नको नको ते बोलले. अंगणात शेजारपाजारचे जमले. मावशी मान खाली घालून ऐकत राहिल्या. ‘मी केलं’ एवढे दोन शब्द मला बोलायचे होते, ते माझ्या तोंडून निघाले नाहीत.

परतताना मी रडत म्हणाले, “मावशी, माझं नाव का नाही घेतलं?”

“तुजी पोर उपाशी हुती, ह्ये मला ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “पन त्या पोरीच्या पोटात बी पोर हाय. आता रडू नको.”

त्या दिवसापासून त्या फरशीवर सतरंजी टाकून झोपायला लागल्या. आमच्याकडे चला म्हटलं तर ऐकलं नाही. थंडीत खोकला वाढला, दवाखान्याच्या पायऱ्या चढवेनात. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षांचा थिनर आणि लाकडाची धूळ छातीत बसली आहे, फरशीचा काही संबंध नाही. ते खरंही असेल. मला अजून पटलेलं नाही.

मी एक मोडका सागवानी पलंग मिळवला आणि मावशींसाठी करायला घेतला. एक पाय जोडावा लागला. मी दिवसभर घासायची, त्या भिंतीला टेकून बघायच्या. पॉलिशचा दुसरा हात दिला तेव्हा त्यांनी बोट टेकवून पाहिलं. “वल्लं हाय अजून,” म्हणाल्या. “वाळू दे. मी कुठं चाललेय.”

चौथ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. पलंग वाळला होता, पण शेवटचा हात राहिला म्हणून मी त्यांना त्यावर झोपवलं नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर मी तो हात दिला. पलंग ठेवून घ्यावा असं फार वाटलं, पण घरातले डबे रिकामे होते. एक गिऱ्हाईक आलं, त्याला पलंग पसंत पडला. तो खिशात हात घालत असताना मी म्हणाले, “याचा एक पाय जोडलेला आहे. आधीच सांगते.”

त्याने वाकून पाय पाहिला. “मग राहू द्या,” म्हणाला आणि निघून गेला.

मी पलंगाच्या कडेला बसले. मुलगी शाळेतून यायची वेळ झाली होती. बऱ्याच वेळाने उठून मी एक खुर्ची ओढली आणि घासायला घेतली.