मानेचा हिसका

लग्नात दोन तास मी मान न हलवता बसले होते. ते मला कसं जमलं, हे फक्त आईला ठाऊक होतं. सातव्या वर्षापासून माझी मान डावीकडे हिसका खायची आणि घशातून ‘हुप्’ असा आवाज निघायचा. शिंक दाबावी तसं थोडा वेळ दाबून धरता यायचं. मग दुप्पट जोरानं उसळायचं.

सासर नागपुरात, इतवारीत. घरात दोन हातमाग, विधवा सासू, नवरा आणि मी. तिसऱ्याच दिवशी सासूला वाढताना मानेला हिसका बसला आणि गरम वरण तिच्या मांडीवर सांडलं. तिनं उठून माझ्या कानशिलात लगावली.

“मले वेडावून राहिली काय वं?”

“नाही जी, आत्याबाई. मी करत नाही, आपोआप होते.”

त्यानंतर दर हिसक्याला मार ठरला. लाटणं, फुंकणी, हाताला येईल ते. मार चुकवायला मी दाबून धरायची, त्यानं झटके वाढायचे, की पुन्हा मार. एकदा माझाच हात उसळून माझ्या तोंडावर बसला, ओठ फाटला. ते पाहून शेजारणी म्हणाल्या, हिच्या अंगात कोणीतरी आहे.

सासूनं मला कळमेश्वरकडच्या एका मांत्रिकाकडे नेलं. नवरा बैलगाडी हाकत होता. मांत्रिकानं माझे हात खांबाला बांधले, नाकाखाली मिरच्यांची धुरी धरली आणि कडुनिंबाच्या ओल्या फोकानं पाठ सोलून काढली.

“कोण होय वं तू? नाव सांग!”

“मीच आहो जी, दुसरं कोणी नाही!”

मान थांबेना. मग त्यानं विळा निखाऱ्यात तापवला आणि मानेलाच डाग दिला. जळल्या कातडीचा वास आधी आला, दुखणं मागून. दुसऱ्यांदा तो वाकला तेव्हा मी दोन्ही पायांनी त्याच्या पोटात लाथ घातली. तो निखाऱ्यांवर कोसळला आणि विळा उगारूनच उठला. तेवढ्यात नवरा मध्ये आला. विळा त्याच्या दंडावर बसला. त्यानं मांत्रिकाचं मनगट धरून असं पिरगाळलं, की हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

“बस झालं, माय!” तो आईवर ओरडला. “मारून टाकतं काय इले?”

आमच्या जखमा चिघळल्या, म्हणून सीताबर्डीवरच्या एका दवाखान्यात जावं लागलं. तिथल्या डॉक्टरीणबाई मलम लावता लावता माझी मान पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “हिसका येण्याआधी आत खाज सुटल्यासारखं होतं का? आणि येऊन गेला की बरं वाटतं?”

मी हो म्हटलं आणि रडायलाच लागले. इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं.

“हा मज्जातंतूंचा आजार आहे. भूत नाही, वेड नाही, सोंगही नाही. औषध माझ्याकडे नाही. पण मारलंत, तर वाढेल.”

“मंग आमी करावं काय?” नवऱ्यानं विचारलं.

“लक्ष देऊ नका. तिला मन लागेल अशा कामात राहू द्या.”

नवऱ्यानं मला मागावर बसवलं. हातपाय एका तालात चालू लागले, की तास तास मान गप्प राहायची. सासूला मात्र काही पटलं नाही. एका सकाळी तिनं पुन्हा फुंकणी उचलली. मी ती हिसकावून फेकली आणि माझे दोन्ही हात तिच्या गळ्यापर्यंत गेले. तिथेच थांबले. पण थांबले नसते तर काय झालं असतं, हे आम्हा दोघींनाही कळलं. त्यानंतर तिनं माझ्यावर हात टाकला नाही. माझ्या हातचं मात्र वर्षभर खाल्लं नाही.

मान काही बरी झाली नाही. बाजारात कोणी माझी नक्कल केली, की नवरा त्याच्या अंगावर धावून जायचा, आणि मी भाजीची पिशवी तिथेच टाकून त्याला आवरायची.