ध्येय पूर्ण झाल्याचं पत्र

बर्रागानबाई कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात विद्यार्थ्यांना सल्ला द्यायच्या. बावीस वर्षं दिला. कुणी मागितला नाही तरी दिला.

कॉलेजनं पाच वर्षांची ध्येयं ठरवली होती: इतक्या विद्यार्थ्यांच्या हाती प्रमाणपत्र, इतक्यांना नोकरी. दुसऱ्याच वर्षी आकडे लंगडायला लागले, तेव्हा युक्ती काढली ती बाईंनी. छोट्या प्रमाणपत्रापुरते विषय ज्यांचे होऊन गेलेत, त्यांना न विचारताच ते घरी पाठवून द्यायचं. सोबत पत्र: ‘अभिनंदन! तुमचं ध्येय पूर्ण झालं.’ तीनशे बारा पत्रं गेली. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या आणि बाई आठवडाभर हवेत होत्या.

जूनमध्ये पा हुआ वांग त्यांना जेवायला बोलवायला आली. लाओसच्या डोंगरांतून आलेल्या ह्मोंग समाजातली ही चाळिशीची बाई सहा वर्षं एकेक विषय घेत नर्सिंगच्या प्रवेशाकडे सरकत होती. प्रमाणपत्राच्या आनंदात तिच्या घरी डुक्कर कापणार होते. बाई नटूनथटून गेल्या.

अंगणात ही गर्दी. आत भिंतीवर सासऱ्यांच्या फोटोशेजारी फ्रेम केलेलं प्रमाणपत्र. एकेक जण पा हुआच्या मनगटाला पांढरा दोरा बांधून आशीर्वाद देत होता.

“मग, नर्सिंगचा अर्ज कधी भरतेस?” बाईंनी विचारलं.

“नर्सिंग?” पा हुआ हसली. “बाई, तुमचंच पत्र आलं ना, झालं म्हणून. गेल्या सोमवारपासून पीचच्या फळांच्या पॅकिंगला लागले.”

बाईंना पक्कं ठाऊक होतं: त्या प्रमाणपत्रावर दवाखान्यात कुणी झाडूसुद्धा हातात दिला नसता.

तेवढ्यात तिचे चुलतसासरे दोरा घेऊन आले. “या मास्तरीणबाई! आमच्या सुनेला पार नेलंत. करा हात पुढं. लाजता काय, तुमचंही वय झालंय, आशीर्वाद लागेल!”

सगळे हसले. बाईंनी हात पुढं केला. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण गाठ बसेपर्यंत त्या नुसत्या हसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात त्यांनी तक्ता उघडला. पा हुआ वांग. ध्येय पूर्ण: हो. पुढचा नोकरीचा रकाना बाईंनी भरायचा होता, आणि तिथंही ‘हो’ लिहिलं की आणखी एक यश जमा होणार होतं. त्यांना स्वतःची शिसारी आली. दोरा तीन दिवस काढायचा नसतो. तो झाकायला एवढ्या उकाड्यात त्या लांब बाह्यांचा शर्ट घालून आल्या होत्या.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तिला फोन लावला.

“पा हुआ, ते पत्र पाठवायची युक्ती माझीच. आकडा गाठायचा होता गं. तुझं ध्येय काय, ते मी तुला विचारलंच नाही. तू परत ये. घरच्यांना मी येऊन सांगते, सगळ्यांसमोर, की चूक माझी.”

पलीकडे डबे वाजत होते, बायका बोलत होत्या.

“मला वाटलं, मी फार हळू शिकते,” ती म्हणाली, “म्हणून कॉलेजनं गोड बोलून वाटेला लावलं.” मग अगदी हळू आवाजात, “म्हणजे बाई, मला काढलं नव्हतं?”