आगाऊ उपकारस्तुती

वय झालं की विश्वास वाढतो, असं आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या तरण्या सुना मला ऐकवतात. "मावशी, तुमचा विश्वास डोंगर हलवनारा आहे," म्हणतात. मी हसते. डोंगर हलवण्याच्या भानगडीत मी आता पडत नाही. मोहरीच्या दाण्याएवढा असला तरी पुरे, असं शास्त्रात लिहिलं आहे, म्हणून माझं निभावतंय. आजाऱ्याच्या घरी गेले तर मी गुपचूप बसते, पाय चेपते. "तुमी मोठ्यानं काहून प्रार्थना नाई करत?" असं त्या विचारतात, तेव्हा घसा बसला म्हणून सांगते.

मेडशीच्या अलीकडे आमचं गाव. सगळा सोयाबीन-तुरीचा मुलूख, आणि गावही सगळं हिंदूच. प्रभूकडे वळलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी. रविवारची उपासना आमच्याच अंगणात, टिनाच्या छपराखाली व्हायची. पाळक तालुक्याहून मोटारसायकलवर येत. ते आले नाहीत, तर माझे मालकच वचन सांगत.

आमच्या मंडळीची एक रीत होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. मागणं पदरात पडायच्या आधीच उपकारस्तुती करायची. गाणी, जेवण, आणि ज्याच्यासाठी मागितलं त्याने सगळ्यांसमोर उभं राहून 'झालं' अशी साक्ष द्यायची. एका घरी बोअर मारायची होती. लोक नारळ फोडतात. आम्ही ढोलकी-खंजिरी वाजवून पाण्याचे आधीच आभार मानले, आणि खरंच पाणी लागलं. मग काय विचारता! पुढे एकाच्या पोरीचे बारावीच्या निकालाआधी पेढे वाटले. ती इंग्रजीत राहिली. त्या पेढ्यांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. मी यांना चिडवायची, "बाजारात तुरी अन् भट भटनीले मारी!" हे म्हणायचे, "तुले विश्वास नाई, निस्तं तोंड आहे." आणि दोघंही हसायचो.

मग यांच्या पोटात गाठ निघाली. अकोल्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. सोबत दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या. मंडळीने उपास धरले आणि ठरवलं, उपकारस्तुती करायची. या खेपेला मी चिडवलं नाही. बुडत्याला काडीचा आधार, मीच सगळ्यांत पुढे होते. अंगणात चूल मांडली, वरण-भात, बुंदी केली. हे खांबाला धरून उभे राहिले. सदरा खांद्यावरून घसरत होता. म्हणाले, "प्रभूनं मले बरं केलं." सगळे आमेन म्हणाले. मीही म्हटलं.

आणि तिथेच माझा माणूस अडकला. बरा झालो म्हणून चारचौघांत साक्ष दिलेल्याने कण्हायचं कसं? कुणी भेटायला आलं की हे उठून बसायचे. "कसं आहे भाऊ?" "बेस आहे, प्रभूची कृपा." कपाळावर घाम, आणि तोंडावर हसू. गोळी घ्यायचीसुद्धा त्यांना लाज वाटायची. कुणी दारात आलं की पाकीट उशीखाली सरकवायचे. माझ्याजवळही कधी ब्र काढला नाही.

एक दिवस शेलूबाजारची माझी थोरली नणंद जीपने आली. तिच्या घरी देव्हारा, उपासतापास, सगळं साग्रसंगीत. आमच्या प्रार्थनेत ती कधी बसली नाही, पण यांना लहानपणी तिनेच कडेवर वागवलेलं. ती आली ती थेट खाटेवर बसली, यांच्या पोटावर हात ठेवला.

"काहून रे बाबू, लय दुखते काय?"

"लय दुखते, बाई," हे म्हणाले. "लय दुखून राह्यलं." आणि हे रडले. गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने रडले.

"रड बापा, रड," म्हणत तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

मी पाण्याचा गिलास घेऊन दारात उभी होते. खोटं कशाला बोलू, मला आधी रागच आला. इतकी वर्षं माझ्या शेजारी गुडघे टेकले, आणि खरं दुखणं सांगितलं ते प्रभूला न मानणाऱ्या बहिणीला! मग कळलं. तिच्यापुढे यांनी कसली साक्षच दिली नव्हती, म्हणून तिच्यापुढे रडता आलं. माझं काळीज तेव्हा तुटलं, ते अजून सांधलेलं नाही.

दुपारी नणंद परत गेली. यांनी मला जवळ बोलावलं. "प्रार्थना कर," म्हणाले. मी सवयीने सुरू केलं, "प्रभू, तू यांना बरं केलंस..." यांनी माझा हात दाबला.

"ते नको आता. मले घेऊन जा, असं म्हन त्याले. मी साक्ष देल्ली आहे, मले म्हनता येत नाई. तू म्हन."

"मी कायले म्हनू असं? मले नाई जमत!"

यांनी माझा हात सोडला नाही.

लग्न होऊन या विश्वासात आले तेव्हापासून मी फक्त मागायला शिकले होते. पाऊस माग, लेकरू माग, यांचं आयुष्य माग. आपलं माणूस आपल्या तोंडाने देऊन टाकायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी पदर तोंडात कोंबला, मग काढला. शेवटी म्हटलं, "प्रभू, यांना लय दुखून राह्यलं. घेऊन जा यांना." हे स्पष्ट आवाजात आमेन म्हणाले. मला म्हणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीवर चहा ठेवत होते, तेवढ्यात हे गेले. जन्मभर मी किती काय मागितलं. काही मिळालं, काही राहून गेलं, बरंचसं उशिरा आलं. इतक्या लवकर माझं मागणं त्याने कधीच ऐकलं नव्हतं.