लिफ्टची रंगीत तालीम

मावशी माझ्याकडे पोळ्या करायला येऊ लागल्या तेव्हा माझे केस काळे होते आणि त्यांचा एक गुडघा शाबूत होता. दुसरा पाय लहानपणीच पोलिओने नेलेला. कुबडी ओट्याला टेकवून उभ्यानेच भराभर पोळ्या लाटायच्या आणि पुढच्या घराकडे निघायच्या. आता त्या सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत. पोळ्या कधीच सुटल्या, आमचं येणं-जाणं सुटलं नाही. मधल्या काळात चांगला गुडघाही रुसला आणि मागोमाग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला.

मानपाड्याच्या बाजूला चाळीत त्यांची एक खोली आहे. नवरा फार पूर्वी गेला, मूलबाळ नाही. खोलीत सरपटत, भिंतीला धरत त्या आपला स्वयंपाक स्वतः करत. मग एकदा जाळावर कढई आहे असं समजून त्यांनी फोडणीसाठी हात पुढे केला आणि भाजून घेतला. ते रत्नागिरीकडे दिराच्या मुलाला कळलं. पुतण्या वाईट नाही. त्याने सरळ सांगितलं, "काकू, डोळे झाले तर राहा तिथे. नाहीतर दिवाळीनंतर मी न्यायला येतो. मागची खोली रिकामीच आहे."

"मागच्या खोलीत मला चहा तरी करू देतील का, वहिनी?" मावशींनी मला विचारलं. उत्तर त्यांनाही माहीत होतं.

ऑपरेशन सरकारी रुग्णालयात फुकट होत होतं. रुग्णालय कल्याणचं धरा, डोंबिवलीचं धरा. नाव सांगून कोणाचा सत्कार करायची माझी इच्छा नाही. तिथे डोळ्यांचा विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि हाडांचा तिसऱ्या. म्हणजे ज्याला दिसत नाही त्याने दोन जिने चढायचे आणि ज्याचा पाय मोडलाय त्याने तीन. नकाशावर सही करणाऱ्यांचे गुडघे उत्तम असावेत.

पहिल्यांदा आम्ही गेलो तेव्हा दोन वॉर्डबॉयनी मावशींना खुर्चीसकट उचललं. अर्ध्या जिन्यात एकाचा फोन वाजला. त्याने खुर्ची पायरीवर तिरकी टेकवली आणि बोलत राहिला. वरखाली जाणारे लोक मावशींच्या गुडघ्यापर्यंत सरकलेल्या लुगड्याकडे बघत होते. मावशींना बघणारे दिसत नव्हते, पण बघताहेत हे कळत होतं. त्यांनी तिथूनच खाली न्यायला लावलं. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाल्या, "चौघांनी उचलायचं ते एकदाच. तेही मला कळणार नाही तेव्हा."

त्यानंतर रुग्णालयात लिफ्ट बसतेय असं ऐकलं. बसायला बरेच महिने लागले. बसली असं कळल्यावर मी मावशींना घेऊन पुन्हा गेले.

लिफ्ट होती. स्टीलची, चकचकीत. तिच्या दारावर झेंडूचं तोरण होतं आणि आडवी लाल रेशमी फीत. शेजारी टेबल, त्यावर मखमलीचं कापड, ताटात कात्री आणि नारळ. समोर खुर्च्यांच्या रांगा, आणि त्यांच्या मागे, भिंतीला टेकून, ज्यांच्यासाठी लिफ्ट बसवली ते लोक. वॉकर घेतलेले एक चांगले भरदार आजोबा होते. रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, साखरेने पाय गमावलेले एक गृहस्थ आणि त्यांची बायको होती. बाकी बरेच होते. सगळे जिन्याकडे बघत बसले होते.

डोळ्यांचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच यायचे आणि दुपारी एकला तपासणी आटोपून उठायचे. आज तपासणी झाली तर दिवाळीच्या आत ऑपरेशन. नाही झाली तर नंबर थेट दिवाळीनंतरचा. आणि दिवाळीनंतर पुतण्या येणार होता.

फितीपाशी एक तरुण इंजिनिअर उभा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात सतत फोन.

"लोकार्पण बाकी आहे, मॅडम," तो मला म्हणाला.

"लोक तर सकाळपासून आलेत," आजोबा म्हणाले.

"साहेब निघालेत."

"कुठून?"

"ते सांगितलेलं नाही."

पाहुण्यांच्या आधी लिफ्टमध्ये कोणी पाऊल ठेवायचं नाही, असा वरून आदेश होता. मी वाद घातला. गृहस्थांच्या बायकोने माझ्यापेक्षा चांगला वाद घातला. इंजिनिअर प्रत्येकाला "समजून घ्या ना" म्हणत होता. तो वाईट नव्हता, घाबरलेला होता.

मावशी व्हीलचेअरमध्ये शांत बसून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "पण चालते का ती?"

"चालते ना. काल सिमेंटच्या गोण्या टाकून ट्रायल घेतली."

"आणि माणसं घालून?"

"माणसं अजून नाही घातली."

तो हे सहज बोलून गेला. मला वाट दिसली. डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला नाटकाचं वारं लागल्याशिवाय राहत नाही. मीही ऑफिसच्या नाट्यस्पर्धांत विंगेत उभी राहून वर्षानुवर्षं प्रॉम्प्टिंग केलं आहे. आमच्याकडे सोसायटीच्या गणपतीतल्या बालनाट्याचीही रंगीत तालीम झाल्याशिवाय पडदा वर जात नाही.

"साहेबांबरोबर लिफ्टमध्ये कोण कोण चढेल?" मी विचारलं.

"सगळेच चढतात, मॅडम. थांबवणार कोण?"

"आणि मध्येच अडकली तर? फोटोग्राफरसकट?"

त्याने लिफ्टकडे पाहिलं. तो प्रसंग त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला असावा, कारण त्याने कपाळ पुसलं.

"रंगीत तालीम केली नाहीत तुम्ही?" मी शक्य तितक्या आश्चर्याने विचारलं.

"कोणाला घेऊन करू आता? स्टाफ सगळा ड्युटीवर."

"आम्ही कुठे कामात आहोत?" मावशी म्हणाल्या.

रुग्णांची नावं पुकारायला जिना उतरून आलेल्या सिस्टर हे सगळं ऐकत होत्या. अतिशय करड्या बाई. त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "तालमीला मी आहे. मी फोटोग्राफर. चला, साहेब कोण?"

साहेब म्हणून वॉकरवाल्या आजोबांची निवड झाली, कारण वजन जुळत होतं.

"मला भाषण करावं लागेल का?" त्यांनी विचारलं.

"वर जाऊन गप्प बसायचं," सिस्टर म्हणाल्या.

"मग साहेब शोभणार नाही मी."

कारखान्यातले गृहस्थ स्वीय सहायक झाले. त्यांची बायको त्यांना म्हणाली, "आता तरी माझ्या आधी बोलू नका." दारावरच्या वॉचमनने आजोबांना सांगितलं, "ह्या मावशी तुमच्या मंडळी."

"नको," मावशी म्हणाल्या. "ह्यांची तब्येत मला ठाऊक नाही. मी पक्षातली."

इंजिनिअरने फीत कापू दिली नाही. एका बाजूची गाठ सोडून टोक वॉचमनच्या हाती दिलं, आणि वॉचमन पडदा ओढणाऱ्याच्या रुबाबात उभा राहिला. साहेब आत गेले, सहायक गेले, मावशींची खुर्ची गेली, सिस्टर गेल्या, मी गेले. दार मिटलं. लिफ्ट एकदा हलकेच हलली आणि वर निघाली. मावशींनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. पहिल्या मजल्यानंतर त्यांनी पकड सोडली आणि पदर नीट केला.

दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा इंजिनिअर जिन्याने धावत येऊन धापा टाकत उभा होता.

"झालं ना? आता सगळ्यांनी खाली चला."

"तपासणी झाल्याशिवाय तालीम पुरी होत नाही," सिस्टर म्हणाल्या आणि मावशींची खुर्ची ढकलत डॉक्टरांच्या खोलीत शिरल्यासुद्धा.

मावशींना दिवाळीच्या आतलीच तारीख मिळाली. खालच्या लोकांनी तोवर दुसऱ्या तालमीची मागणी केली होती. साहेबांबरोबर महिला आघाडी आली तर काय, असा मुद्दा त्यांनी काढला. इंजिनिअरनेही तो मानला. तिसऱ्या खेपेला त्याने मागणीची वाटच पाहिली नाही. स्वतःच सांगू लागला, "अहो, ते काठीवाले काका राहिले, त्यांना घ्या." साहेब आले जेवणं झाल्यावर. भाषण बरंच लांबलं म्हणतात. आम्ही तेव्हा घरी चहा घेत होतो.

एका डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, दुसऱ्याचं पुढे व्हायचं होतं. पट्टी काढल्यानंतरच्या तपासणीला गेलो तेव्हा लिफ्टशेजारी संगमरवरी कोनशिला लागलेली होती. शाळा चौथीतच सुटलेल्या मावशींनी खुर्ची थांबवायला लावली आणि एकेक अक्षर लावत ती वाचायला सुरुवात केली. मान्यवर, सन्माननीय, शुभहस्ते, प्रमुख उपस्थिती. अगदी तळाच्या बारीक अक्षरांतलं ठेकेदाराचं नावही त्यांनी सोडलं नाही. त्या दगडाचा एवढा उपयोग आणखी कोणाला झाला असेल असं मला वाटत नाही.

दिवाळी झाल्यावर पुतण्या आला. काकूंचे कपडे भरायला मोठी बॅग आणली होती. मावशींनी मलाही जेवायला बोलावलं होतं. शेजारणीकडून पेडवे मासे आणवून त्यांनी सकाळीच जमिनीवर बसून साफ केले होते, त्यांचं आंबट-तिखट तिखलं केलं होतं, भाकऱ्या टाकल्या होत्या. पेडव्याला काटे बारीक असतात. पुतण्या काळजीने म्हणाला, "काकू, सांभाळून. काटा लागेल."

"मला दिसतोय," मावशी म्हणाल्या. "तू आपल्या ताटात बघ."

त्याने ताटात बघितलं. मग भात मागून घेतला. मागच्या खोलीचा विषय जेवण संपेपर्यंत निघाला नाही आणि नंतरही निघाला नाही. निघताना मावशींनी त्याच्या बॅगेत फराळाचे डबे भरले, चेन स्वतः लावली, आणि दाराशी बसून, तो वळणाआड जाईपर्यंत त्याला बघत राहिल्या.