मोकाशींच्या भिंतीवरचा फोटो

माणसाच्या मागे शेवटी त्याचा चेहरा तेवढा उरतो. हे वाक्य मी गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, मोकाशींच्या शोकसभेत बोललो. सेक्रेटरींनी मान डोलावली, दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला, आणि माझी बायको सुधा समोरच्या खुर्चीवरून माझ्याकडे अशी बघत राहिली की मी पुढचं वाक्य विसरलो. मोकाशींच्या भिंतीवर हार घातलेला तो चेहरा कुणाचा, हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं... निदान तेव्हा तसं वाटत होतं.

डोंबिवली पूर्वेच्या या इमारतीत मोकाशी आणि आम्ही अठरा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो. ते सरकारी कचेरीत रेकॉर्ड विभागात होते. घरातल्या बरण्यांवरही त्यांच्या हाताच्या चिठ्ठ्या असत, आणि साखरेच्या बरणीवर ‘साखर’ लिहून खाली सही करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. त्यांची बायको कुमुदवहिनी अगदी उलट. बोलक्या, फटकळ, कुणाच्याही कार्यात पदर खोचून वाढायला उभ्या. फक्त कॅमेरा दिसला की त्या पसार. “माझे दात आधी येतात आणि मी मागून,” असं म्हणत त्या स्वयंपाकघरात शिरायच्या. चार वर्षांपूर्वी त्या अचानक गेल्या, आणि तेराव्याला गुरुजींनी फोटो मागितला तेव्हा कळलं की घरात एकही नाही. लग्नाच्या फोटोत मुंडावळ्या होत्या आणि खाली घातलेली मान होती. अखेर पाटावर वहिनींचा चष्मा ठेवला. गुरुजींनी त्याला फूल वाहिलं, पण नाराजीनेच.

त्यानंतर दोन महिन्यांनी मोकाशींचा मुलगा शेखर मस्कतहून एक यंत्र घेऊन आला. जेवणाच्या डब्याएवढं. ते टीव्हीला आणि व्हिडिओला जोडायचं, पडद्यावरचं चित्र बटण दाबून थांबवायचं, की यंत्रातून त्याचा फोटो छापून येतो, असं शेखरने मजल्यावरच्या सगळ्यांना जमवून सांगितलं. नारळ फुटला. मी दाराशीच उभा राहिलो, कारण नारळ फोडून सुरू केलेली वस्तू पुढे चालते यावर माझा विश्वास नाही. कागद आत गेला, पिवळा होऊन बाहेर आला, परत आत गेला, लाल झाला, पुन्हा गेला आणि निळा रंग चढल्यावर त्यात माणूस दिसला. पहिला फोटो बातम्या देणाऱ्या बाईंचा निघाला, डोळे मिटलेला. “चष्म्यापेक्षा बरं,” मोकाशी म्हणाले. ते हसत होते की नाही, ते कळलं नाही.

शेखर परत गेला आणि मोकाशींनी लोकांच्या लग्नामुंजीच्या कॅसेटी मागायला सुरुवात केली. कारण मात्र सांगेनात. ज्यांच्या भातशेतीवर आमची इमारत उभी आहे त्या पाटलांनी जिन्यातच त्यांना अडवलं. “भाऊ, माझे पोरीचे हलदीची कॅशेट तुमाला कशाला पायजे? तुमचे घरचा तं कोन नाय त्यात.” मोकाशी म्हणाले, “बघून परत देतो.” आणि खरंच देत. पण एकटा विधुर माणूस दार लावून दुसऱ्यांच्या घरच्या बायका बघतोय, आणि आतून त्या यंत्राची घरघर येतेय, हे इमारतीला झेपेना. सेक्रेटरी माझ्याकडे आले. “दामले, तुम्ही शेजारी. जरा लक्ष ठेवा.” मी ठेवलं. लाज वाटते, पण ठेवलं. साखर मागायच्या निमित्ताने एकदा आत गेलो, तर पडद्यावर कुणाच्या तरी पंगतीचं चित्र थांबून थरथरत होतं, आणि मोकाशी गुडघ्यांवर बसून, नाक काचेला लावून, मागच्या रांगेत वाढणाऱ्या बायकांमध्ये काहीतरी शोधत होते. मला बघून म्हणाले, “कॅमेरावाला पुढच्या पानांकडे बघत असतो हो. मागे कोण आहे याची त्याला पर्वाच नाही.”

मी साखर घेतली आणि घरी येऊन सुधाला सांगितलं. सुधाने ते मजल्यावर पोचवलं, आणि त्यानंतर मोकाशींबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं नाही. कॅसेटी आपणहून त्यांच्या दारात यायला लागल्या. पाटलांनी हळदीच्या तर दोन दिल्या.

वर्षश्राद्धाला त्यांनी आम्हाला बोलावलं. भिंतीवर चौकटीत फोटो होता आणि त्याला मोगऱ्याचा हार. सेक्रेटरींच्या मुलाच्या मुंजीतली पंगत, मध्ये जांभळ्या साडीतली बाई, मान वळवून, तोंडावर हात धरून हसणारी. चेहरा अर्धाच दिसत होता. “सुरेख आल्यात वहिनी,” मी म्हणालो. मोकाशींनी चष्म्यावरून पाहिलं. “कोण?” “कुमुदवहिनी.” “हं,” ते म्हणाले आणि खीर वाढायला गेले.

आमच्या दारात पाऊल टाकताच सुधा म्हणाली, “अहो, ती मी आहे.”

“दिसलं मला. घड्याळ उजव्या हातात आहे.” घड्याळ उजव्या हातात बांधणारी आमच्या इमारतीत ती एकटी. मोकाशी साडीवरून फसले असतील, हे कोडं तिनेच सोडवलं. महिला मंडळाने सहाजणींसाठी एकाच ठाणातल्या साड्या घेतल्या होत्या, त्यात ती होती आणि कुमुदवहिनीही.

“हार घातलाय हो मला!”

“सांगू का त्यांना?”

तिने मनगटावरचं घड्याळ सोडलं. “नको. वर्षभर शोधून एवढंच सापडलंय त्यांना. परत चष्म्यावर आणायचं का?”

तीन वर्षं आम्ही गप्प राहिलो. दर वर्षी श्राद्धाला जाऊन सुधा स्वतःच्या फोटोला फूल वाहून यायची. मला मात्र त्या ‘कोण?’चा संशय राहिला होता. बरणीवर सही करणारा माणूस बायको ओळखण्यात चुकतो? आणि चुकलाच असेल, तर रोज त्या फोटोसमोर चहा पिणाऱ्या माणसाला मी फसवतोय की तो मला, हे काही ठरत नव्हतं. विचारायचं धैर्य झालं नाही. गेल्या महिन्यात एका सकाळी पेपरवाला म्हणाला, “मोकाशीकाका दार उघडत नाहीत.” आमच्याकडच्या किल्लीने दार उघडलं. ते झोपेतच गेले होते... विचारायचं राहून गेलं.

शोकसभेनंतर घर आवरताना शेखरने फोटो उतरवला. चौकटीच्या मागे पेन्सिलीने, त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘मधली व्यक्ती दामलेवहिनी. उजवीकडे मठ्ठ्याचा जग धरलेला हात, कुमुद. बाकीच्यांकडे दुर्लक्ष करावे.’ खाली सही.

फोटो उलटून पाहिला. अगदी कडेला एक हात होता, मनगटापर्यंत, हिरव्या बांगड्यांचा, जग तिरका करून धरलेला. हार घातला की नेमका तेवढाच हाराच्या बाहेर राहत असे. खणात पाकीटभर आणखी फोटो निघाले. त्यांच्या मागे लिहिलेलं: ‘पाठ’, ‘अर्धा कान’, ‘अंबाडा, गजरा दुसऱ्या कुणाचा तरी’. त्या सगळ्यांत वहिनी कुणाशीच बोलत नव्हत्या. भिंतीवरच्या फोटोत मात्र सुधा त्या हाताकडे मान वळवून हसत होती.

“तू हसत का होतीस?” मी सुधाला विचारलं.

तिला आठवलं. “कुमुद म्हणाली, दामलेभावजींना दुसऱ्यांदा वाढू नकोस, पोट भरलं की भाषण करतात.”

शेखरने पाकीट मस्कतला नेलं आणि भिंतीवरचा फोटो आम्हाला दिला. आता तो आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. हार काढला आहे. सुधाचं म्हणणं, तिचा इतका चांगला फोटो दुसरा नाही.