ओवीचा रविवारचा बूट

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी तारनाक्याच्या एका छोट्या बुद्ध विहाराच्या दाराशी बराच वेळ उभी होते... नुसत्या चपला बघत. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं असेल, या बाईंची चप्पल चोरीला गेलेली दिसते.

पण तो माझा धंदाच आहे. ज्या मुलांना दुकानातले बूट चालत नाहीत, त्यांच्यासाठी मी बूट डिझाइन करते. नल्लकुंट्याला घराखालीच वर्कशॉप आहे. माणूस भेटला की माझी नजर आधी त्याच्या पायांकडे जाते, आणि आमच्या आईला याची फार लाज वाटते.

तर ओवी... आठ वर्षांची. जन्मापासून तिचा डावा हात आणि डावा पाय कमजोर आहे, पायाला पोटरीपर्यंत प्लास्टिकचा ब्रेस असतो. आईवडील मूळचे नांदेडकडचे, दोघंही इथे नोकरीला.

ब्रेससकट पाय आत जाईल असा बूट मी तिच्यासाठी केला होता. समोरून पूर्ण उघडणारा, एका हाताने चेन ओढता यावी म्हणून मोठी कडी लावलेला. वर्कशॉपच्या खुर्चीत बसून तिने तो स्वतःचा स्वतः घातला आणि मी इतकी हवेत गेले, की आबिड्सच्या बाजारात जाऊन स्वतःलाच एक ड्रेस घेतला.

मग तिच्या आईचा, वर्षाताईंचा फोन आला. शाळेत रोज घालते, पण रविवारी विहारात जायचं म्हटलं की बुटाला हात लावत नाही. नुसत्या ब्रेसवर पप्पांच्या कडेवर बसून जाते... आणि आता तर तेही नको म्हणतेय.

"तिथे मुलांचं गाणं बसवतायत हो," त्या म्हणाल्या. "हिला सगळं पाठ आहे, आणि ही घरी बसून म्हणते."

पण का? बूट तोच, पाय तोच, फक्त वार वेगळा. मला वाटलं रंगाचा प्रश्न असेल... तिथे सगळे पांढऱ्या कपड्यांत, आणि हिचा बूट जांभळा. क्रीम रंगाचा करून देते म्हटलं तर ओवी म्हणाली, "नक्को आंटी, पर्पल अच्छाच है." मग का गं नाही घालत? तिने खांदे उडवले. "ऐसेइच."

त्या "ऐसेइच"ने माझं डोकं खाल्लं. शेवटी "माझ्यासाठी एकदाच घाल" अशी गळ घातली आणि मीच रविवारी विहारात जाऊन थांबले.

मुलं येत होती. एक हात चौकटीला, एका पायाने दुसऱ्या पायाची टाच दाबायची, चप्पल तिथेच सोडून आत पळायचं. गप्पासुद्धा थांबत नव्हत्या कुणाच्या.

मग ओवी आली. उजव्या हाताने तिने चौकट धरली... आणि थांबली. चेन ओढायला तोच हात हवा, आणि तो सोडला तर तोल जाणार. पप्पांनी आतून खुर्ची आणली, तिला बसवलं, वाकून बूट काढला. मागे लोक खोळंबले होते, आत वंदना सुरू झाली होती, आणि ओवी मान खाली घालून बसली होती.

मला माझाच राग आला. माझ्या वर्कशॉपमध्ये खुर्ची आहे हो, पण दारात कुठे असते? बूट घालायचा कसा, यावर मी महिनोन्‌महिने डोकं चालवलं होतं. काढायचा कसा, हे मनातही आलं नव्हतं... आणि राहते अशा गावात, जिथे घर, देऊळ, विहार, डॉक्टरचा दवाखाना, सगळीकडे बूट बाहेर.

नवा बूट करायला घेतला. टाचेमागे बाहेर आलेला एक ओठ काढला. दुसऱ्या पायाने त्यावर दाब दिला की मागची बाजू उघडते आणि पाय वर ओढून घेता येतो, हात लागत नाही. आमचे कारागीर युसुफभाई नाराज. "एड़ी खुल्ली रखे तो बच्ची सीढ़ी पे गिर जाती मॅडम."

आमचं चांगलंच वाजलं. पण पहिला नमुना खरंच जिन्यावर उघडला... नशीब, आईचा हात धरला होता तिने. मग तो वरून सरळ दाबल्यावरच उघडेल असा केला. तिच्या फिजिओथेरपिस्टला विचारून ब्रेसच्या तळाला रबर चिकटवलं, नाहीतर फरशीवर प्लास्टिक घसरतं.

परवाच्या रविवारी पुन्हा गेले. ओवीने चौकट धरली, चांगल्या पायाने टाच दाबली, ब्रेसचा पाय उचलला... बूट तिथेच राहिला. दुसरा तर नुसता झटकला. बाकीच्या पोरांसोबत आत गेली, आणि कुणाचं लक्षही गेलं नाही.

आडवातिडवा पडलेला तो बूट सरळ करायला पप्पा सवयीने वाकले. ओवीने आतून मान वळवली. "पप्पा, नक्को. राहू द्या तसाच."

गाणं झालं. मला सुरातलं काही कळत नाही, पण तिसऱ्या ओळीत उभी असलेली ती तेवढी दिसत होती.

मग सगळे बाहेर आले आणि गोंधळ उडाला. ओवीचा एक बूट मिळेना. वर्षाताई घाबरल्या, मीही खाली बसून शोधायला लागले. आणि ओवी एका पायात बूट घालून, चौकट धरून सगळ्यांना मोठ्याने सांगत होती, "माझा बूट हरवला..." चेहरा नुसता फुललेला.

आठ वर्षांत पहिल्यांदा तिचा बूट हरवला होता, दारात सोडलेल्या बाकीच्या पोरांच्या चपला हरवतात तसा. बूट सापडला, कुणाच्या तरी पायाने दारामागे सरकला होता. मी तो हातात घेतला आणि मला रडू आलं... तिनेच समजूत काढली माझी. "मिल गया ना आंटी."